हालवर्दला कोणी सांगायचं

आईच्या पंचाहत्तरीचं जेवण आईच्याच घरी व्हायचं, हा राग्नाचा हट्ट होता. मोठ्या भावाच्या, हालवर्दच्या पाळकनिवासात टेबल मोठं होतं, खिडकीतून अख्खा खाडीचा पट्टा दिसायचा, पण तिथे जेवायला बसलं की जेवणाचीही सभा होते असं तिचं म्हणणं. आईचं घर बंदरावर, लहान. कोपरं एकमेकांना लागायची. तिथे तरी माणसं माणसांसारखी बोलतील अशी तिला आशा होती.

हालवर्दने जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. ती लांबली. आईच्या आयुष्याबद्दल, वडिलांच्या सेवेबद्दल, हेरवॉय बेटावरच्या मंडळीबद्दल त्याने देवाचे आभार मानले. सगळं सुंदर होतं. मेंढीच्या भाजलेल्या मांसावरची चरबी पांढरी होऊ लागली तेव्हा धाकट्या आयलिफने 'आमेन' म्हणून टाकलं, हालवर्दच्या आधी.

"भूक लागलीय," आयलिफ म्हणाला. "पहाटेपासून बोटीवर होतो."

"रविवारी?" हालवर्दची बायको मार्गित म्हणाली.

"माशांना कोणी कळवलं नव्हतं, वहिनी."

आई, आस्गेर्द, हसली. आज तिचा दिवस होता, आणि तिन्ही मुलं एका टेबलाशी बसली होती. तिने बटाट्यांचं भांडं हालवर्दकडे सरकवलं. आधी वडील या बेटाचे पाळक होते, आता हा. आणि आता याचं नाव बिशपपदासाठी पुढे आलं होतं. पुढच्या रविवारी धर्मप्रांताचे दोन पाहुणे फेरीबोटीने त्याचा उपदेश ऐकायला येणार होते.

"मी काही मागितलेलं नाही," हालवर्द म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. "मी साधा सेवक आहे. बोलावलं तर जाईन, नाही तर इथेच बरा आहे."

मार्गितने बटाटा सोलता सोलता मान हलवली. हे वाक्य तिला पाठ झालं होतं. 'साधा'नंतर तो किंचित थांबायचा, तेही.

"राग्ना, मंगळवारी समितीत पेडरचा विषय घे," हालवर्द पुढे म्हणाला. राग्ना बेटावरच्या शाळेत शिकवायची आणि चर्चच्या समितीची अध्यक्ष होती. "त्याच्या बदलीची शिफारस करू. आतल्या भागातलं एखादं शांत, छोटं चर्च त्याला मिळालं तर त्याचंही भलं होईल."

पेडर हा गेल्या शरदात आलेला सहायक पाळक. पोरसवदा, उंच, बोलताना अडखळणारा.

"त्याने केलंय काय?" राग्नाने विचारलं.

"फेब्रुवारीत काय केलं ते तूच पाहिलंस. कबरीपाशी उभा राहून रडायला लागला. पुस्तक हातातून पडायचं बाकी होतं. समोर ओद्नी उभी, नवरा गमावलेली बाई. जिने रडायचं ती गप्प, आणि ज्याने धीर द्यायचा तो रडतोय. मी पुढे होऊन पुस्तक घेतलं नसतं तर राइदारचं दफन अर्धवट राहिलं असतं."

आयलिफने काटा खाली ठेवला. "आता बरोबर म्हणालास."

"काय बरोबर म्हणालो?"

"काही नाही. जेव."

राग्नाने त्याच्याकडे पाहिलं आणि नजरेने नको म्हटलं. आस्गेर्दने सायीच्या केकचा विषय काढला. तो आणायला मार्गित उठली. तीन बायकांनी एकाच वेळी काहीतरी झाकायला हात पुढे करावा, तसं ते झालं. हालवर्द मात्र आपल्या मुद्द्यावरच होता.

"आणि त्याचा परिणाम बघा. स्टाइनार. सख्खा भाऊ. त्या दिवसापासून त्याने चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नाही. दोनदा निरोप पाठवला मी. भावाच्या कबरीपाशी पाळकच असा ढासळलेला पाहिल्यावर त्या माणसाची श्रद्धा कशी टिकेल?"

"स्टाइनार पेडरमुळे येत नाही असं वाटतं तुला?" आयलिफने विचारलं. त्याचा आवाज चढला नाही. स्टाइनार आणि राइदार दोघांबरोबर त्याने वर्षानुवर्षं हेरिंगची मासेमारी केली होती.

"मग कशामुळे?"

"तू त्याला पुरलंस म्हणून."

मार्गित केक घेऊन दारातच थांबली.

"दादा, तू पुस्तक घेतलंस आणि म्हणालास, आपला भाऊ स्टाइनार याला आपण मातीच्या स्वाधीन करतो," आयलिफ म्हणाला. "प्रार्थनेतही स्टाइनार. शेवटच्या आशीर्वादातही स्टाइनार. आणि स्टाइनार समोर दोर धरून उभा होता. शवपेटी खाली सोडत होता."

हालवर्दने टेबलाभोवती एकेकाकडे पाहिलं. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. त्यावरून त्याला कळलं.

"वारा होता," तो म्हणाला.

"सगळ्यांना ऐकू आलं," राग्ना म्हणाली.

"मग मला कोणी सांगितलं का नाही? जून आलाय."

 मग राग्ना म्हणाली, "मला वाटलं वहिनी सांगेल."

"मला वाटलं आई सांगतील," मार्गित म्हणाली. केक अजून तिच्या हातातच होता.

"मी सांगणार होते," आस्गेर्द म्हणाली. "घरी येता येता. पण तूच विचारलंस, आई, दफनविधी चांगला झाला ना? पेडरची बाजू सावरली ना मी? म्हटलं, हो बाबा, झाला."

"आणि तू?" हालवर्दने आयलिफला विचारलं.

"मी सांगायला आलो होतो. पाळकनिवासात. तू म्हणालास, आयलिफ, तुझ्या मनात राग आहे, आधी तो देवापाशी ठेवून ये."

हालवर्दला ते आठवलं. ते वाक्य त्याला तेव्हा चांगलं वाटलं होतं.

*

स्वयंपाकघरात मार्गितने केक खिडकीत ठेवला आणि दार लोटलं.

"एक आठवडा," ती राग्नाला म्हणाली. "फक्त पुढचा रविवार जाऊ दे. पाहुणे येतील, ऐकतील, जातील. मग त्याला काय करायचं ते करू दे."

"आणि पेडर?"

"पेडर राहील. ती बदली मी थांबवते. त्याला वाटेल त्यालाच सुचलं. मला जमतं ते, इतकी वर्षं तेच करतेय. तू मात्र समितीत त्या दिवसाचा विषय निघू द्यायचा नाही."

राग्नाने हात पुसले. मार्गितला इथून जायचं होतं, हे तिला माहीत होतं. बिशपचं घर शहरात होतं. तिथे वाचनालय होतं, डॉक्टर होते, आणि रस्त्यावर निघालं की ओळखणारं कोणी नव्हतं. या बेटावर मार्गितने खरेदी केलेल्या लोकरीचा रंगही दुपारपर्यंत सगळ्यांना कळायचा.

"तुला तो बिशप व्हायला हवाय," राग्ना म्हणाली.

"मला शहर हवंय. बिशपचं काय, आणखी मोठं घर, आणखी मोठं टेबल. आणि रोज सकाळी नाश्त्याला तो किती साधा सेवक आहे ते ऐकायचं." तिने डोळे मिटून उघडले. "पण तो वाईट माणूस नाही, राग्ना. आजारी माणसाकडे वादळातही जातो."

"जातो. आणि परत येऊन सांगतो."

दोघी हसल्या, आणि मग हसल्याचं दोघींनाही बरं वाटलं नाही.

"ठीक आहे," राग्ना म्हणाली. "पेडर राहणार असेल तर मी गप्प बसते. रविवारपर्यंत."

बाहेर आल्या तेव्हा हालवर्दची खुर्ची रिकामी होती. आस्गेर्द एकटीच मेणबत्त्या विझवत होती. आयलिफ दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

"स्टाइनारच्या नावघराकडे गेला, बोट ठेवतो तिथे," तो म्हणाला. "मी येऊ का विचारलं. नको म्हणाला."

*

स्टाइनार बोट उलटी करून तळाला डांबर लावत होता. पाळकाला येताना त्याने पाहिलं, पण ब्रश थांबवला नाही. वाटेत हालवर्दने बोलायची वाक्यं जुळवली होती. नावघराच्या दारात येईपर्यंत ती सगळी उपदेशासारखी वाटायला लागली.

"स्टाइनार, मला आजच कळलं."

"आज?"

"जेवताना. आयलिफने सांगितलं."

स्टाइनारने ब्रश डब्याच्या कडेला निथळला. "मला वाटत होतं तुम्हाला माहीत आहे. माहीत असून गप्प आहात. म्हणून येत नव्हतो."

"माहीत असतं तर मी आलो असतो."

"आला असता?"

हालवर्दने उत्तर शोधलं. "माहीत नाही," तो म्हणाला.

या उत्तरावर स्टाइनारने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "पहिल्यांदा माझं नाव घेतलंत तेव्हा वाटलं, सुधाराल. वाट पाहिली. मग दुसऱ्यांदा. दोर सोडता येईना, नाहीतर पेटी तिरकी झाली असती. लोक माझ्याकडे बघत होते."

"मला क्षमा कर."

"माझं काही नाही, पाळकसाहेब. मी जिवंत आहे ते मला माहीत आहे. पण आईचं काय करता?"

त्यांची आई गुरीना वर टेकडीवर राहायची. गेली काही वर्षं तिला जुनं सगळं आठवायचं आणि कालचं काही नाही. हालवर्द महिन्यातून एकदा तिच्याकडे जायचा, स्तोत्र वाचायचा. ती शांत असायची.

"ती कबरीपाशी सगळ्यात पुढे उभी होती," स्टाइनार म्हणाला. "बाकी सगळं विसरली, पण ते धरून राहिलीय. पाळकांनी सांगितलं, स्टाइनार गेला. मी घरात शिरलो की ती म्हणते, ये राइदार. मी सांगून बघितलं. ओद्नीने सांगून बघितलं. सांगितलं की स्टाइनारसाठी रडते, नव्याने. मग सोडून दिलं. आता तिथे मी राइदार म्हणूनच जेवतो."

हालवर्द उलट्या बोटीच्या कण्यावर हात ठेवून उभा राहिला. डांबर हाताला लागलं ते त्याच्या लक्षात आलं नाही. "मी तिच्याकडे महिन्याच्या महिन्याला जातोय," तो म्हणाला. "तिच्यापाशी बसतोय."

"हो. ती सांगते, स्टाइनारसाठी पाळकसाहेबांनी किती छान प्रार्थना केली."

"मी जाऊन सांगतो तिला. माझी चूक झाली म्हणून. माझ्यावर विश्वास आहे ना तिचा."

"जा," स्टाइनार म्हणाला आणि पुन्हा ब्रश उचलला. "बघा."

गुरीना खिडकीपाशी विणत बसली होती. हालवर्द तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसला, म्हणजे तिला मान वर करावी लागू नये. त्याने हळू, सोप्या शब्दांत सांगितलं. समुद्रात गेला तो राइदार. स्टाइनार आहे. मी कबरीपाशी चुकीचं नाव घेतलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विणकाम मांडीवर ठेवून त्याचा डांबराने माखलेला हात हातात घेतला.

"तुम्ही थकलात," ती म्हणाली. "तुमचे वडीलही शेवटी असेच थकायचे. तुम्ही कसे चुकाल, पाळकसाहेब?"

त्याने पुन्हा सांगितलं. ती त्याची समजूत घालत राहिली. शेवटी ती रडत रडत स्टाइनारबद्दल बोलू लागली. लहानपणी तो कसा धीट होता, कड्यावर चढून पक्ष्यांची अंडी कशी आणायचा. हालवर्द ऐकत बसला. या घरात तो इतक्यांदा आला होता, पण दोघांपैकी धीट कोण होता हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याने स्तोत्र वाचलं नाही. ती शांत झाल्यावर चुलीत लाकूड घातलं आणि निघाला.

*

 मंगळवारी समितीत पेडरचा विषय हालवर्दने स्वतःच मागे घेतला, कारण दिलं नाही. त्या रात्रीच्या जेवणानंतर मार्गितने विचारलं, "रविवारी काय करणार आहेस?"

"सांगणार आहे."

"पाहुण्यांसमोर?"

"कबरीपाशी जे होते ते सगळे रविवारीच भेटतात."

"त्याच्या पुढच्या रविवारीही भेटतील, हालवर्द."

त्यावर त्याने विचार केला, हे तिला दिसलं. तो टाळत नव्हता, खरोखर तोलत होता. "एकदा थांबलो तर मी कायमचाच थांबेन," तो म्हणाला. "मला माझी खात्री नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते सुंदर नव्हतं. तिने बशा गोळा केल्या. शहर गेलं, हे तिला समजलं होतं, आणि राग आला होता तोही खरा होता.

*

रविवारी आस्गेर्द आपल्या नेहमीच्या बाकावर बसली. शेजारी राग्ना. आयलिफही आला होता, मागे उभा. पाहुणे पुढे, काळ्या कोटांत. चर्च भरलं होतं, कारण पाहुणे येणार हे बेटभर माहीत होतं. स्टाइनार नव्हता.

हालवर्द व्यासपीठावर चढला. आस्गेर्दला तिचा नवरा आठवला. तोही असाच कठड्यावर दोन्ही हात ठेवायचा. तो बेसूर गायचा, मोठ्याने, आणि गाणं ही देवाने आपल्याला दिलेली देणगी आहे असं मरेपर्यंत मानायचा. तिने कधी सांगितलं नाही. तेव्हा तिला ते प्रेम वाटलं होतं.

"बंधूंनो आणि भगिनींनो," हालवर्दने सुरुवात केली, "मनुष्याचं हृदय म्हणजे एक खोल खाडी आहे. वरून पाणी शांत दिसतं, पण तळाशी—"

आवाज भरदार होता. पाहुण्यांपैकी एक जण किंचित पुढे झुकला.  हा याचाही उपदेश करणार, आस्गेर्दला वाटलं. चूकही सुंदर करून सांगणार, आणि लोक डोळे पुसत घरी जातील.

हालवर्द थांबला. त्याने कठड्यावरून हात काढले. आता ते कुठे ठेवायचे हे त्याला सुचत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "असं नाही सांगायचं मला. फेब्रुवारीत आपण राइदारला पुरलं. पेडर दफनविधी चालवत होता. त्याला रडू आलं, कारण तो राइदारला ओळखत होता. मी त्याच्या हातून पुस्तक घेतलं. मला ते करायची गरज नव्हती. थोडं थांबलो असतो तर त्याने पुरं केलं असतं. मी स्टाइनारचं नाव घेतलं. तिन्ही वेळा. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. मला कोणी सांगितलं नाही, कारण मला काही सांगायची सोयच मी ठेवली नाही. हा तुमचा दोष नाही. स्टाइनारच्या घरी त्यामुळे जे झालंय ते मला दुरुस्त करता आलेलं नाही. मी गेलो होतो. जमलं नाही."

तो आणखी काही बोलेल म्हणून लोक थांबले. तो बोलला नाही. त्याने त्या दिवसाचा उतारा वाचला, नेहमीपेक्षा सपाट आवाजात, आणि खाली उतरला. ओद्नी भिंतीच्या कडेला बसली होती. बाळ मांडीवर. तिने मान हलवली की बाळाकडे पाहिलं, हे आस्गेर्दला लांबून कळलं नाही.

पेडरचं तोंड लाल झालं होतं. पुढचं गीत त्याने ऑर्गन वाजायच्या आधीच सुरू केलं, आणि ऑर्गन त्याच्यामागे धावला.

*

उपासनेनंतर शेजारच्या सभागृहात कॉफी आणि वॅफल होते. पाहुण्यांनी हालवर्दचा हात हातात घेतला. एक जण म्हणाला, हे धाडसाचं होतं. दुसरा म्हणाला, फेरीबोट किती वाजता सुटते. शरदात दुसऱ्याच कोणाची तरी बिशप म्हणून नेमणूक झाली. ती या रविवारमुळे की आणखी कशामुळे, हे कोणी सांगितलं नाही आणि हालवर्दने विचारलं नाही.

पाहुणे गेल्यावर तो कॉफीचा कप घेऊन खिडकीपाशी उभा राहिला. लोक जरा अंतर ठेवून होते. मग म्हातारा टोरलाक काठी टेकत आला.

"पाळकसाहेब, बरं केलंत."

"थँक यू, टोरलाक."

"आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो." टोरलाकने मागे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं. "उत्तरेकडच्या बाकांखालचा हीटर चालत नाही. तीन हिवाळे झाले. सांगायला आलो होतो तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत."

"मी प्रार्थना केली?"

"चांगली होती. पाय गारच राहिले."

खोलीत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. हालवर्द हसला नाही. त्याचा हात टोरलाकच्या खांद्याकडे निघाला होता, तो त्याने परत घेतला.

"कोणता हीटर?" त्याने विचारलं. "दाखव मला."

"दाखवतो. पण आधी हिचं ऐका. ही कधीची म्हणतेय."

टोरलाकच्या मागे त्याची बायको उभी होती. तिच्यामागे ऑर्गन वाजवणारी बाई, हातातली बशी घट्ट धरून. तिच्यामागे आणखी दोघं-तिघं, अजून ठरवत असलेली. राग्नाने कोपऱ्यातून एक खुर्ची ओढून भावाच्या मागे ठेवली. तो बसला. त्याची कॉफी निवत होती. म्हाताऱ्या बाईने बोलायला सुरुवात केली, आणि ती थांबेपर्यंत तो बोलला नाही. ते त्याला किती जड जात होतं हे त्याच्या जबड्यावरून दिसत होतं.

मार्गित कॉफी वाढत फिरत होती. ऑर्गनवाली बोलत असताना तिने किटली टेबलावर ठेवली, हात पुसले, आणि जाऊन रांगेत शेवटी उभी राहिली.